चांदण्यातली नीपर पॅरिसला गेली कशी? चित्राचा प्रवास घरबसल्या शोधायची पद्धत

कोजागिरीच्या आदल्या दिवशी आमच्या रविवारच्या स्केचिंगवाल्या ग्रुपवर एक फॉरवर्ड पडला. काळोखात बुडालेली नदी, वर ढगांच्या खिडकीतून डोकावणारा हिरवट चंद्र आणि पाण्यावर असा लखलखता पट्टा की आपल्याच मोबाईलचा ब्राइटनेस कोणीतरी वाढवलाय असं वाटावं. खाली मजकूर, हे रशियन चित्र लंडन, पॅरिस, न्यूयॉर्कला लागलं तेव्हा लोक फ्रेमच्या मागे जाऊन दिवा लपवलाय का ते बघत होते वगैरे. लगेच सगळ्यांचे हात जोडून झाले. भाचीने मात्र मला पर्सनलवर विचारलं, "मामा, हे खरंय का? मला कॉलेजच्या असाइनमेंटला असंच एक चित्र हवंय, ते कुठे कुठे लागलं ते शोधून लिहायचंय." म्हटलं ये घरी, बसू. तीन संध्याकाळी गेल्या, दोनदा भांडलो, एकदा वायफाय गेलं, पण पद्धत बसली. ती इथे लिहून ठेवतोय, म्हणजे पुढच्याला सगळं पहिल्यापासून करायला नको.

सगळ्यात आधी हे पक्कं करा की तुम्ही नक्की कुठल्या चित्राच्या मागे लागलाय. हसू नका, निम्मा घोळ इथेच होतो. गोदेला पूर आला की आपण काय विचारतो, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं. तो हलत नाही म्हणून त्याच्यावरून पाणी मोजता येतं. चित्रालाही तसा एक दुतोंड्या मारुती लागतो, म्हणजे चित्रकार, साल, माध्यम, माप आणि आज ते कुठल्या म्युझियमचं आहे. आमच्या चित्राचं असं निघालं: आर्खिप कुइंजी, 'नीपरवरची चांदणी रात्र', १८८०, कॅनव्हासवर तैलरंग, साधारण १०५ बाय १४४ सेंमी, सेंट पीटर्सबर्गचं रशियन म्युझियम. म्हणजे उंचीला साडेतीन फूट आणि रुंदीला पावणेपाच, हॉलमध्ये सोफ्यामागच्या भिंतीवर आरामात मावेल एवढंच. (माप नेहमी फुटात करून बघा, सेंटीमीटरमध्ये डोळ्यासमोर काही येत नाही.)

आता माप कशाला एवढं महत्त्वाचं, तर कुइंजीने हेच चित्र १८८२ च्या सुमारास स्वतःच परत रंगवलंय आणि त्यातलं एक मॉस्कोला त्रेत्याकोव्ह गॅलरीत आहे. नाव तेच, नदी तीच, चंद्र तोच. एखाद्या कॅटलॉगमध्ये "कुइंजी, चांदणी रात्र" एवढंच लिहिलेलं दिसलं आणि तुम्ही ते पीटर्सबर्गच्या चित्राच्या खात्यात टाकलं की गेलं, दोन जणांचे प्रवास एकाच्या तिकिटावर. त्यामुळे माप आणि ते चित्र कोणी दिलं होतं हे जुळल्याशिवाय ओळ लिहायची नाही.

मग येतो नावांचा गोंधळ. आपण नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतो, "गंगेवर जाऊन येतो" म्हणतो, आता बाहेरच्या माणसाने ते वाचलं तर तो आपल्याला काशीला नेऊन बसवेल. तसंच नीपरचं आहे, युक्रेनियनमध्ये ती द्निप्रो. चित्रकाराचं आडनाव तर इंग्रजीत एक, फ्रेंचमध्ये दुसरं, फ्रेंच लोक 'के'च्या पुढे 'ओ' आणि मग 'यू' घालतात, त्यामुळे इंग्रजी स्पेलिंगने फ्रेंच पेपरात शोधलं तर हाताला काहीच लागत नाही आणि आपल्याला वाटतं चित्र तिकडे गेलंच नाही. सरळ उपाय असा की विकिपीडियावर चित्रकाराचं पान उघडा, बाजूच्या भाषांच्या यादीतून रशियन, युक्रेनियन, फ्रेंच, जर्मन अशी एकेक भाषा उघडा आणि प्रत्येकातलं नाव आणि चित्राचं नाव कॉपी करून एका नोटमध्ये ठेवा. आपल्याला ती लिपी वाचता यायची काही गरज नाही, पेस्ट करता आलं की झालं.

देशाच्या नावानेही दोन्हीकडे शोधा. कुइंजी मारिउपोलचा, घर ग्रीक, वडील चांभारकाम करायचे, म्हणजे आज ते गाव युक्रेनचं. शिकला आणि नावारूपाला आला रशियात, त्यामुळे जुनी सगळी पुस्तकं त्याला रशियन म्हणतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०२३ मध्ये त्याच्या नावापुढचं रशियन काढून युक्रेनियन केलं. कोण बरोबर ह्याच्यावर इथे वाद नको, शोधणाऱ्याने दोन्ही शब्द टाकून बघायचं.

शहरांचंही तेच. भाचीने पहिल्या दिवशी वहीत दोन वेगळी म्युझियम लिहून आणली, एक पीटर्सबर्गचं आणि एक लेनिनग्राडचं, आणि मधे बाण काढून "इथून तिथे हलवलं". अगं बाई, शहर एकच! १९१४ ला पीटर्सबर्गचं पेट्रोग्राड झालं, १९२४ ला लेनिनग्राड, १९९१ ला परत सेंट पीटर्सबर्ग. चित्र भिंतीवरच होतं, पाटी बदलली. माझ्याकडे रद्दीवाल्याकडून आणलेला लेनिनग्राडच्या अव्रोरा प्रकाशनाचा एक आर्ट अल्बम आहे, कव्हर गेलेलं, वाळवी लागलेली, त्यात सगळीकडे लेनिनग्राडच लिहिलंय, तिथूनच तिचा गोंधळ झाला. म्हणजे चूक माझ्या घरातलीच.

तारखांचं प्रकरण जरा नीट वाचा. रशियात १९१८ पर्यंत जुनं कॅलेंडर चालायचं, एकोणिसाव्या शतकात ते बाकी युरोपच्या १२ दिवस मागे होतं आणि १९०० च्या मार्चपासून १३ दिवस. म्हणजे पीटर्सबर्गच्या पेपरात समजा २० ऑक्टोबर लिहिलंय तर त्याच दिवशी पॅरिसच्या पेपरात १ नोव्हेंबर असणार. हे धरलं नाही तर चित्र निघायच्या आधी पोचलेलं दिसतं. आपल्याला हे जड जायला नको, आपण तिथी आणि तारीख दोन्ही सांभाळतो, आजीचा वाढदिवस दरवर्षी दोनदा होतोच की. वहीत तारखेपुढे 'जुनी' की 'नवी' एवढं लिहून ठेवा.

आता वही. मी दिवाळीत दुकानातून मिळणारी लाल हिशोबाची वही वापरतो, एक्सेल वापरलं तरी चालेल, पण वहीला मागे पलटताना मजा येते. चार रकाने पाडा: कधी, कुठे आणि कोणी लावलं, तिथपर्यंत कसं आणि कोणी नेलं, पुरावा काय. बहुतेक लोक पहिले दोनच भरतात आणि "पीटर्सबर्ग १८८०, पॅरिस १८८१" लिहून मोकळे होतात. माझं म्हणणं एवढंच की खरा मामला तिसऱ्या रकान्यात असतो. दोन प्रदर्शनांच्या मधे चित्र कुठे होतं, कोणाच्या ताब्यात होतं, कशात भरून गेलं, ऊन लागलं का, ओल लागली का, हे विचारलं नाही तर ती नुसती गावांची यादी होते, एसटीच्या पाटीसारखी.

आमच्या चित्राचाच रकाना भरून दाखवतो. पहिली ओळ, पीटर्सबर्ग, १८८० चा ऑक्टोबर-नोव्हेंबर, बोल्शाया मोर्स्काया रस्त्यावर कलाकारांना उत्तेजन देणाऱ्या सोसायटीचा हॉल. आख्ख्या प्रदर्शनात चित्र एकच. विचार करा, आपल्याकडे एका चित्राचं प्रदर्शन लावलं तर लोक म्हणतील बाकीची टेम्पोतून यायची आहेत का! कुइंजीने हॉलच्या खिडक्यांना पडदे लावले, सगळं अंधारलं आणि चित्रावर तेवढा विजेचा झोत टाकला. १८८० मध्ये वीज म्हणजेच नवलाई. बाहेर रांगा, आत एवढी गर्दी की थोडे थोडे करून सोडावं लागलं. मागे दिवा आहे का बघणारे लोक ते हे, म्हणजे ती गोष्ट पीटर्सबर्गची, लंडनची नाही. फॉरवर्डमधला अर्धा भाग इथेच सुटला.

(भाचीने विचारलं की पण मग पाणी चमकतं कसं. मी तिला कोजागिरीला रात्री गोदाघाटावर घेऊन गेलो, मसाला दुधाचा थर्मास घेऊन. रामकुंडाच्या बाजूला एवढे हॅलोजन लावलेत की चांदणं शोधावं लागतं, तिथून पुढे बऱ्यापैकी चालत गेलो तेव्हा कुठे अंधार मिळाला. तिथे बघितलं की चंद्राच्या पट्ट्याला आपण पांढरा म्हणतो पण तो पांढरा नसतोच, फिकट हिरवट असतो, आणि तो उजळ दिसतो कारण आजूबाजूचं सगळं पाणी जवळजवळ काळं असतं. कुइंजीने तेच केलंय, कॅनव्हासचा बराचसा भाग गडद, थोडा ऊबदार तपकिरीकडे झुकणारा, आणि मधे तो एकच थंड उजेड, त्यात काठावर एका खिडकीचा लालसर ठिपका.)

दुसरी ओळ मालकाची. चित्र विकत घेतलं झारच्या घराण्यातल्या ग्रँड ड्यूक कॉन्स्टंटिन कॉन्स्टंटिनोविचने, ५००० रूबलला, आणि सौदा प्रदर्शनाच्या आधी स्टुडिओतच झाला होता. म्हणजे लोकांनी रांगा लावून जे बघितलं ते विकलं गेलेलं चित्र होतं. हा माणूस नौदलात, आणि चित्रावर एवढा फिदा की समुद्रसफरीवर निघताना ते बरोबर जहाजावर घेतलं! आपण कुलदैवताचा टाक प्रवासात नेतो तसं. इथे लेखक इव्हान तुर्गेनेव्ह मधे पडले, ते तेव्हा फ्रान्समध्ये राहायचे, त्यांनी ग्रँड ड्यूकला गळ घातली की बाबा निदान थोडे दिवस हे पॅरिसला लोकांना बघू दे. म्हणून तिसरी ओळ, पॅरिस, जानेवारी १८८१, सेडेलमायर ह्या आर्ट डीलरची गॅलरी. म्हणजे परदेशातलं ते प्रदर्शन कुठल्या सरकारने ठरवलेलं नव्हतं, जहाजाच्या वाटेवर एका लेखकाच्या हट्टाने झालेला थांबा होता तो. दोन रकान्यांच्या यादीत हे कधीच दिसलं नसतं.

आणि चौथी ओळ, जिथे प्रदर्शन नाहीच. पॅरिसहून चित्र परत जहाजावर, भूमध्य समुद्रात. खारी हवा, दमटपणा. परत आलं तेव्हा रंग काळवंडलेले. कुइंजी इतका संतापला की ग्रँड ड्यूकवर कोर्टात जायची भाषा करत होता असं सांगतात. पण नुसत्या समुद्राला दोष देऊन भागत नाही, त्याच्या रंगांत डांबराच्या जातीचा अॅस्फाल्ट होता, तो रंगाला मस्त खोली देतो पण नीट वाळतच नाही आणि काळानुसार आणखी काळा पडत जातो. गंमत म्हणजे चित्रकार क्राम्स्कोयला ही शंका १८८० मध्येच आली होती. त्याने पत्रात लिहिलं की ह्या रंगांचं मिश्रण टिकेल का कोण जाणे, एकमेकांना मारणारे रंग एकत्र आले असतील, तर आज आपण सगळ्यांनी हे चित्र केवढं उजळ बघितलं ते लेखी नोंदवून ठेवावं, नाहीतर पुढच्या पिढ्या म्हणतील ह्या लोकांना कशाचं एवढं कौतुक होतं. म्हणजे आपण फॉरवर्डमध्ये ब्राइटनेस वाढवलेलं बघतो ते, म्युझियममध्ये आज लटकलंय ते आणि १८८० ला हॉलमध्ये लोकांनी बघितलं ते, ही तीन वेगळी दर्शनं आहेत. वहीत 'अवस्था' म्हणून एक बारीक शेरा प्रत्येक ओळीला ठेवाच.

फॉरवर्डचा निकाल असा लागला की पॅरिस खरं, पण त्या वारीत लंडन आणि न्यूयॉर्क येतच नाहीत.

पुरावा कुठे शोधायचा, हे थोडक्यात. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची गालिका नावाची साइट आहे, जुने फ्रेंच पेपर स्कॅन करून फुकट ठेवलेत, तिथे वर्ष १८८१ लावायचं आणि फ्रेंच स्पेलिंग टाकायचं, मग डीलरचं नाव वेगळं टाकून परत शोधायचं, कारण पेपरवाले चित्रकाराचं आडनाव चुकवतात पण गावातल्या दुकानदाराचं चुकवत नाहीत. जुने कॅटलॉग इंटरनेट आर्काइव्हवर मिळतात. भाषेला मोबाईलचा ट्रान्सलेट कॅमेरा पुरतो, पण तो "रशिया विभाग, चित्र क्रमांक अमुक" असल्या ओळीत आकडे हमखास खातो, म्हणून आकडे स्वतः डोळ्यांनी वाचा. आणि ब्लॉगवरचं, यूट्यूबवरचं, मी इथे लिहिलंय तेसुद्धा, पुरावा म्हणून लिहू नका, ते फक्त कुठे शोधायचं त्याचा इशारा.

एक खास खड्डा दाखवतो. १८७८ ला पॅरिसला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं, तिथेही कुइंजीची चित्रं होती, त्यात 'युक्रेनियन रात्र' हे १८७६ चं. आता "कुइंजी, रात्र, पॅरिस" एवढं जुळलं की माणूस उड्या मारतो. पण नीपरवरचं चित्र तेव्हा रंगवलेलंच नव्हतं! साल आधी बघायचं ही सवय लावून घ्या.

नदीचंच पण दुसऱ्या तऱ्हेचं उदाहरण हवं असेल तर इल्या रेपिनचे 'व्होल्गावरचे बुर्लाक' घ्या, नवख्याला हे जास्त सोपं जाईल. काठावरून दोर खांद्याला लावून नाव ओढणारे अकरा मजूर, चित्र १८७० ते १८७३ मधलं, रुंदीला २८१ सेंमी, म्हणजे सव्वानऊ फूट. हे मात्र सरकारी थाटाने गेलं, १८७३ ला व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनात, तिथे कांस्यपदक मिळालं, मग १८७८ ला पॅरिस. घेणारा परत एक ग्रँड ड्यूकच, व्लादिमिर, ३००० रूबलला, आणि त्याने लावलं कुठे तर बिलियर्डच्या खोलीत. रेपिनने आठवणींत लिहिलंय की हा ग्रँड ड्यूक त्याच्याकडे तक्रार करायचा, माझी भिंत कायम रिकामीच असते, ह्या चित्राला सारखं युरोपातल्या प्रदर्शनांचं बोलावणं. आणि एका मंत्र्याने रेपिनलाच झापलं होतं की नाव ओढायची ही जुनाट पद्धत आम्ही बंद करत आणली आणि तू ती रंगवून परदेशात दाखवतोस! म्हणजे परदेशी प्रदर्शन म्हटलं की "आपली अब्रू जाते" वाले तेव्हाही होते.

ह्याच व्हिएन्नाच्या १८७३ च्या प्रदर्शनात आपल्या राजा रविवर्माचंही चित्र गेलं होतं. मला हे कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो, रेपिनचे मजूर आणि रविवर्मा एकाच गावात एकाच वर्षी! रविवर्म्यावरून अजून एक आठवलं, छापील प्रत आणि मूळ चित्र ह्यांत घोळ करू नका. त्याच्या प्रेसच्या लक्ष्मी-सरस्वती घराघरात लागल्या, म्हणून मूळ चित्र काही गावोगाव फिरलं नाही. तसंच हल्ली प्रोजेक्टरवर भिंतभर चित्रं हलवून दाखवणारे शो असतात, त्यांच्या पोस्टरवर कुइंजी दिसला तरी ते त्या चित्राचं प्रदर्शन नव्हे.

हात बसायला मेट्रोपॉलिटनच्या साइटवर कुइंजीचं 'लाल सूर्यास्त' उघडा, १९०५ ते १९०८ मधलं, तेही नीपरचंच. पानावर खाली 'प्रोव्हेनन्स' म्हणजे मालकांची साखळी आणि 'एक्झिबिशन हिस्ट्री' म्हणजे प्रदर्शनांची यादी अशा दोन घड्या घातलेल्या असतात, त्या उलगडा आणि दोन्ही शेजारी शेजारी वहीत उतरवा. बघा किती ठिकाणी मालक बदलला आणि चित्र दिसेनासं झालं, किंवा उलट. ह्यात अर्धा तास घालवला तर मग बिनयादीच्या चित्राला हात घालायची भीती जाते. आणि हिमाचलला फिरायला गेलात तर कुल्लूजवळ नग्गरला रोरिकचं घर आहे ते बघून या, निकोलाय रोरिक हा कुइंजीचाच विद्यार्थी, आणि देविका राणीचे सासरे. डोंगरांवरचा तो अंगावर येणारा उजेड कुठून आला ते तिथे लगेच समजतं.

शेवटचं, जे ऑनलाइन कधी दिसत नाही ते, चित्राची पाठ. प्रदर्शनाला गेलेल्या चित्राच्या मागे स्टिकर, शिक्के, खडूने लिहिलेले नंबर असतात आणि तो सगळ्यात पक्का पुरावा. माझं एक जलरंगातलं चित्र, सोमेश्वरच्या पुढचं नदीपात्र, काही वर्षांपूर्वी मुंबईला एका ग्रुप शोला गेलं होतं. पावसाळ्याचे दिवस, पार्सलवाल्याने ते आडवं ठेवून वर बहुतेक द्राक्षाचे रिकामे क्रेट रचले असावेत, परत आलं तर काचेच्या आत ओल आणि आकाशात एक फुगा. कुइंजीइतकाच संतापलो होतो, फक्त मला विचारायला कोणी ग्रँड ड्यूक नव्हता. भाचीला ते भिंतीवरून काढून उलटं करून दाखवलं. मागे गॅलरीचं स्टिकर, तारीख, नंबर, आणि माझं आडनाव चुकलेलं. ती पेन घेऊन दुरुस्त करायला निघाली. म्हटलं थांब, स्टिकरवर कधीच लिहायचं नाही, काढायचं पण नाही, बरोबर नाव शेजारी वेगळ्या कागदावर पेन्सिलने लिहून कागद चिकटव, आणि खाली लिही, "जाताना पार्सल, येताना भिजलं".